पिशवीच्या आकाराची मुळं

मे महिन्यातला वळीव आला की आमच्या सोसायटीत ठरलेला गोंधळ असतो. लाइट जातात, कुणाचा तरी वाळत घातलेला टॉवेल तिसऱ्या विंगच्या बाल्कनीत जाऊन पडतो आणि खालून वॉचमन ओरडत असतो की अमुक नंबरची गाडी हलवा. २०२३ च्या मे महिन्यात मात्र गाडी हलवा म्हणायलाही वेळ मिळाला नाही, गेटजवळचा सोनमोहोर सरळ आडवा झाला, दोन स्कूटरवर. स्कूटरवर कुणी नव्हतं हे नशीब. वादळ म्हणावं असं काही नव्हतं हो, नेहमीचा पुण्याचा वळीव, वीस मिनिटं धूळ आणि मग टपोरे थेंब. समोरच्या रस्त्यावरचा जुना कडुनिंब होता तिथेच होता, त्याच्या खालच्या टपरीचा चहासुद्धा थांबला नाही. आणि आमचा सहा वर्षांचा, चांगला दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलेला, दरवर्षी पिवळाधमक फुलणारा सोनमोहोर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी खाली गेले, कारण गार्डन कमिटी म्हणजे मीच. (कमिटीत कागदावर चार माणसं आहेत. असो.) माझी कल्पना अशी होती की एवढं झाड उपटलं म्हणजे मोठं भगदाड पडलं असेल, फरशा उचकटल्या असतील, लांब लांब मुळं हवेत लोंबत असतील. तसं काहीच नव्हतं. खड्डा होता तो आंघोळीची मोठी बादली मातीतून उपसून काढली तर राहील तेवढा. आणि खोडाला खाली जो गोळा होता तो हुबेहूब त्या बादलीचा, बाजू सरळ आणि तळ एकदम सपाट, टेबलावर ठेवला तर उभा राहील असा. अंगठ्याएवढी जाड मुळं एकाच दिशेने गरागरा फिरलेली, एकावर एक एकावर एक, सोऱ्यातून चकली पाडताना हात थांबवायचाच विसरावा तशी. बाहेरच्या मातीत गेलेली मुळं मी मोजली, पाच. तीही एकाच बाजूला.

त्या वेटोळ्यात काळ्या प्लास्टिकची एक पट्टी अडकली होती. नर्सरीच्या पिशवीला पाणी निघून जायला भोकं पाडलेली असतात ना, तसलं एक भोक त्या पट्टीत होतं, आणि त्यातून एक मूळ आरपार गेलं होतं. भोकाच्या अलीकडे जाड, पलीकडे जाड आणि मध्ये भोकाएवढंच बारीक. जिममधल्या डंबेलसारखं. सहा वर्षं ते मूळ तिथे आवळलेल्या गळ्याने जगत होतं, आणि मी वर बघून फोटो काढत होते, फुलं आली फुलं आली म्हणून ग्रुपवर टाकत होते.

माळीकाका कुऱ्हाड घेऊन आले, त्यांनी गोळ्याला पायाने जरा ढकलून बघितलं आणि म्हणाले, "ताई, हे जमिनीत लागलंच नव्हतं. पिशवीतच होतं आपलं, पिशवी तेवढी जमिनीत ठिवली होती."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही.

आता २०१७ चं सांगते. बिल्डरकडून सोसायटी आमच्या ताब्यात आली तेव्हा बाग म्हणून जे काही होतं ते म्हणजे लॉनचा एक वाळका पट्टा, खोट्या अशोकाची एक रांग आणि मुरूम. पहिल्याच मीटिंगमध्ये ठराव झाला की झाडं लावायची, आणि त्याच मीटिंगमध्ये एक आजोबा म्हणाले की मोठी आणा, आम्हाला सावलीत बसायचंय, आमच्याकडे वाट बघायला वेळ नाहीये. सगळे हसले पण ठराव तसाच झाला, किमान दहा फूट. आम्ही तिघं जण सोलापूर रोडला गेलो, लोणी काळभोर, उरुळी कांचनच्या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, तिकडे. एका मोठ्या नर्सरीत शिरलो आणि मालकाने विचारलेला पहिला प्रश्न होता, "हाइट किती पाहिजे?" तो हे का विचारतो ते आता कळतं. प्रत्येक गिऱ्हाईक तेच सांगतं म्हणून तो तेच विचारतो. भावसुद्धा फुटावर. साड्यांच्या दुकानात निदान पदर उलगडून दाखवा म्हणतो आपण, इथे चौदा झाडं घेतली आणि एकाचीही पिशवी खालून वाकून बघितली नाही. सहा सोनमोहोर, चार बकुळ, चार सप्तपर्णी. टेम्पोतून आली, दिवसभरात लागली, संध्याकाळी नारळ फोडला. आजोबा खूश, आम्ही खूश.

त्या नर्सरीवाल्याला मी बरीच वर्षं मनात शिव्या घालू शकले असते, आणि थोड्या घातल्याही. पण खरं सांगायचं तर त्याने आम्हाला फसवलं नव्हतं. आम्ही फूट मागितले, त्याने फूट दिले.

माझी एक मावसबहीण आहे, वयाने मोठी, आम्ही तिला अक्का म्हणतो, ती लँडस्केपचं काम करते. पडलेल्या झाडाच्या मुळांचा फोटो मी तिला पाठवला तर तिचा फोन आला आणि ती चक्क हसत होती. म्हणाली, हे मी वर्षाला दहा वेळा बघते. मग तिने जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते, कारण तिची भाषा ऐकली की डुलकी लागते.

रोप पिशवीत लावलं की मूळ बाहेरच्या दिशेने निघतं, प्लास्टिकच्या भिंतीला आपटतं, पुढे रस्ता नाही म्हटल्यावर भिंतीकडेने वळतं आणि फिरत राहतं. वेळेत मोठ्या पिशवीत हलवलं तर एक वेढा, नाही हलवलं तर चार वेढे. मूळ कोवळं आहे तोवर ठीक, पण एकदा ते लाकूड झालं की तो आकार कायमचा. पुढे तुम्ही त्याला अख्खं शेत दिलंत तरी ते जुनं मूळ सरळ होत नाही. नवी मुळं फुटतात पण तीही त्या वेटोळ्यातून वाट काढत. आणि मग दहा-एक वर्षांत खोड जाड होतं, मूळही जाड होतं, दोघं एकमेकांना भिडतात आणि ते मूळ खोडाचाच गळा आवळायला लागतं. पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून खाली मुळांकडे जात असतं, नेमकं तेच अडतं. झाड एका दिवसात मरत नाही. एका बाजूची पानं बारीक होतात, शेंडा वाळतो, आपण म्हणतो पाणी कमी पडलं असेल, कीड असेल, औषध मारतो. नाहीतर काहीच दिसत नाही आणि एका वळवात मुळाशी मोडतं. आमचं तसं झालं.

हे फक्त हौशी बागांचं नाही. सरकारी वृक्षलागवडीतही आकडा हाच देव असतो, २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार, मग तेरा आणि २०१९ ला तेहतीस कोटी अशी उद्दिष्टं होती आपल्याकडे. शहरातल्या झाडांसाठीचा कायदा १९७५ चा आहे, त्यात २०२१ ला बदल होऊन पन्नास वर्षांच्या वरचं झाड हेरिटेज ठरलं आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची असं आलं. चांगलंच आहे. पण साठ वर्षांच्या झाडाच्या बदल्यात जी साठ येतात ती कुठल्यातरी पिशवीतूनच येणार ना, आणि त्या पिशवीत काय आहे ते कोण बघणार? वनखात्याला ही गोष्ट माहीत नाही असंही नाही हं. साग लावताना कित्येकदा रोप लावतच नाहीत, स्टंप लावतात. म्हणजे एका वर्षाचं रोप उपटून वरचं सगळं छाटायचं, बोटभर खोड आणि वीतभर सोटमूळ तेवढं ठेवायचं, वाळक्या मुळ्यासारखं दिसतं ते, आणि पहारीने भोक पाडून त्यात ते रोवायचं. वेटोळ्याचा प्रश्नच नाही. रूट ट्रेनर म्हणून जे कप असतात त्यांना आतून उभ्या रेघा असतात, त्यासुद्धा याचसाठी, मुळाने गोल न फिरता रेघ धरून खाली उतरावं म्हणून. माझं माहेर दापोलीकडचं, आमच्याकडेही काहीजण आंब्याची कोय जिथे झाड हवं तिथेच पुरतात आणि रोप वर आलं की जागेवरच कलम बांधतात. लहानपणी मला वाटायचं नर्सरीतलं कलम आणायला पैसे नसतील म्हणून.

तर त्याच जूनमध्ये मी परत सोलापूर रोडला गेले, या वेळी अक्काला घेऊन, आणि तिने माझी इतकी लाज काढली की विचारू नका. ती झाडांकडे बघतच नव्हती. गाडीतून उतरली, रांगेत शिरली आणि थेट उकिडवी बसली. पिशव्या जमिनीवर ठेवलेल्या असतात, बरेच महिने तशाच राहिल्या की मुळं भोकांतून खाली जमिनीत उतरतात. झाड टवटवीत दिसतं कारण ते पिशवीवर जगतच नसतं, नर्सरीच्या जमिनीवर जगत असतं. आपण विकत घेतलं की पोरगा पिशवी हिसका देऊन उचलतो, कट्कन आवाज येतो, आणि तिथेच निम्मी मुळं राहतात. अक्काने पिशवी नुसती तिरकी करायला सांगितली आणि तो आवाज आला. "राहू दे," म्हणाली आणि पुढे गेली.

मग तिने खोड धरून हलवायला सुरुवात केली. हळू हं, दारात आलेल्या पाहुण्याचा हात हलवतो तसं. खोड हललं आणि अख्खी माती बरोबर हलली तर ठीक. खोड मातीत उखळातल्या मुसळासारखं सुटं हललं तर नाही, म्हणजे एकतर मुळं कुजलीत किंवा झाड आत्ताच कुठूनतरी खणून आणून पिशवीत भरलंय. हा दुसरा प्रकार फार. पुण्याच्या नर्सऱ्यांमध्ये बराच मोठा माल आंध्रातून येतो, गोदावरीकाठी राजमहेंद्रीजवळ कडियम म्हणून गाव आहे, तिथल्या नर्सऱ्यांतून ट्रकच्या ट्रक भरून. तांबड्या चिकट मातीचा गोळा असतो, दोन दिवसांचा प्रवास करून येतो, इथे पिशवीत बसवतात. त्यात वाईट काहीच नाही, पण आल्या आल्या विकू नये आणि आपणही घेऊ नये, दोन-तीन महिने इथल्या हवेत सावरू द्यावं. नर्सरीवाल्याला "सेट झालाय का माल?" एवढं विचारलं तरी तो ओळखतो की गिऱ्हाइकाला थोडंफार कळतं.

त्यानंतर बांबू. उंच झाडाला बांबू बांधलेला असतो, घट्ट. अक्का म्हणाली सोड, मालकाचा पोरगा म्हणाला कशाला मॅडम, ती म्हणाली सोड रे. सोडला, आणि ते बारा फुटी देखणं झाड हळूहळू कमरेत वाकलं, लग्नात उशिरापर्यंत उभं राहिलेल्या करवलीसारखं. वाऱ्यात हलून हलून खोड खाली जाड होतं, वर निमुळतं होतं. बांबूला आवळून ठेवलं आणि खालच्या फांद्या छाटून टाकल्या की ते नुसतंच उंच होतं, खालीवर सारख्याच जाडीचं, टीव्हीच्या जुन्या अँटेनासारखं. आपण त्यालाच सरळसोट, सुंदर म्हणतो. खाली खालीपर्यंत बारीक फांद्या असलेलं बुटकं झाड कुणी उचलत नाही, खरं तर त्याच फांद्यांनी खोड पोसलं जातं.

आणि सगळ्यात शेवटी तिने पर्समधून, हो पर्समधून, एक जुना चमचा काढला आणि खोडाभोवतीची माती उकरायला लागली. मला म्हणाली, झाडाची घोटी शोध. खोड जिथे मुळांना मिळतं तिथे ते जरा फुगतं, पसरतं, जुन्या वडाचं बघा कसं असतं तसं, लहान प्रमाणात. ते मातीच्या वर दिसायला हवं. पिशवी बदलताना दर वेळी वरून माती टाकत गेलं की घोटी गाडली जाते, आम्ही बघितलेल्या एका बहाव्याची चार बोटं खाली सापडली. आणि तिथेच पेन्सिलएवढं एक मूळ खोडाला अर्धा वेढा घालून बसलेलं. "हे बघ तुझा सोनमोहोर," अक्का म्हणाली.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते पिशवी उघडून दाखवण्यावरून. मालक म्हणाला पिशवी फाडली की माल तुमचा. त्याचंही बरोबर आहे. शेवटी तोड अशी निघाली की आम्ही दहा घेणार, त्यातलं एक उघडायचं, ते कसंही निघालं तरी पैसे देऊ, पण वाईट निघालं तर बाकीची नऊ घेणार नाही. पहिल्या लॉटमधलं उघडलं, तळाशी चकली. पैसे दिले. दुसऱ्या रांगेतलं उघडलं, पाच फुटी बकुळ, आठ महिन्यांपूर्वी पिशवी बदललेली, मुळं कडेपर्यंत पोचलेली, टोकं पांढरी, माती सांडत नव्हती पण बोट घातलं तर आत जात होतं, आणि वास नुसता पावसाचा. कुजका आंबूस नाही. ती घेतली.

पाच फुटी! सोसायटीत टेम्पो आला तेव्हा पोर्चमध्ये जे चेहरे झाले ते बघायला हवे होते. "ह्या काड्या?" "कमिटीने पैसे खाल्ले वाटतं." (खरं तर एका मोठ्या झाडाच्या पैशात तीन आली होती आणि हिशोब नोटीस बोर्डवर लावला होता, पण तो वाचतो कोण.) लहान का घ्यायचं याला माझ्याकडे आता उत्तर आहे, तेव्हा नीट देता आलं नव्हतं. उंच झाडाला वर पानं भरपूर आणि खाली मुळं बादलीभर. पुण्याचा ऑक्टोबर आला की पानं पाणी मागतात आणि बादली पुरत नाही. मग झाड दोन-तीन वर्षं नुसतं जीव धरून उभं असतं, वाढत नाही. तेवढ्यात लहान झाडाची मुळं जमिनीत पसरतात आणि ते गाठतं. तेव्हा ही अक्काची थिअरी म्हणून मी मान डोलावली होती, गेल्या वर्षी मात्र टेप घेऊन मोजलं. २०१७ ची बकुळ आणि २०२३ ची बकुळ यांच्यात आता जेमतेम दोन फुटांचा फरक आहे. नव्या बकुळीच्या खोडाला खाली छान पसारा आलाय, जुनी मात्र अजूनही खांबासारखी सरळ जमिनीत गेलीये.

लावायच्या दिवशी अक्काने आणखी एक प्रकार केला ज्याची चर्चा अजून होते. पिशवी कापून पूर्ण काढली. आमच्याकडे पद्धत अशी की तळाची पिशवी ब्लेडने फाडायची आणि बाकीची तशीच खड्ड्यात, माती सुटू नये म्हणून, ती पट्टी आणि ते डंबेल त्यातूनच आलं. मग तिने करवत घेतली आणि मातीच्या गोळ्याची चारी बाजूंनी इंचभर साल काढली, केकचं कडेचं क्रीम काढतो तशी. तळही कापला. खालच्या मजल्यावरच्या काकू ओरडल्याच, "अगं मारतेस काय त्याला!" फ्लोरिडा विद्यापीठात एड गिलमन म्हणून प्राध्यापक होते, त्यांनी कुंडीतल्या झाडांच्या मुळांवर वर्षानुवर्षं काम केलंय, ही बाहेरची साल काढायची शिफारस त्यांची. वळायला लागलेली टोकं कापली जातात आणि कापलेल्या जागेवरून नवी मुळं सरळ बाहेर फुटतात. फक्त हे पावसाच्या तोंडावर करायचं, भर एप्रिलमध्ये नाही. आणि सगळ्यांना नाही. बोगनवेलीची मुळं फार नाजूक, तिचा गोळा फुटू न देता हळूच ठेवायचा. पामची गोष्टच वेगळी, त्याचं मूळ वर्षानुवर्षं जाड होत जात नाही त्यामुळे ते गळा आवळत नाही, म्हणून तर बिल्डर लोक क्रेनने वीस फुटी पाम आणून एका रात्रीत रिसॉर्ट उभं करतात आणि ते जगतातही.

खड्ड्याच्या बाबतीतही आमचं चुकलं होतं. २०१७ ला आम्ही अभिमानाने तीन बाय तीन बाय तीन फुटांचे खड्डे घेतले, शेणखताने भरले, वर झाड ठेवलं. भुसभुशीत भराव पुढच्या दोन पावसाळ्यांत बसला आणि त्याच्याबरोबर झाडही खाली गेलं, मग माळीकाकांनी खळगा दिसतोय म्हणून वर माती टाकली. घोटी गाडायचा कार्यक्रम आम्ही स्वतःच केला म्हणजे. शिवाय आमच्याकडे वर मुरूम आणि बिल्डरचा राडारोडा, खाली काळी माती, तिच्यात खोल खड्डा म्हणजे विहीरच, पाणी साठून राहतं. आता गोळ्याएवढाच खोल घेतो, रुंद मात्र तिप्पट, आणि झाड जमिनीपेक्षा दोन बोटं वरच ठेवतो. मुळं काय, बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच पसरतात.

आणखी एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती. तांबड्या मातीचा गोळा एकदा सुकला की विटेसारखा होतो. आजूबाजूची काळी माती ओली गच्च असते, आपण बोट लावून म्हणतो पाणी आहे की, आणि आतला गोळा कोरडा ठणठणीत, पाणी कडेकडेने निघून जातं. पहिले काही महिने पाणी खोडाजवळ, गोळ्यावर, सावकाश द्यायचं. त्यासाठी काकांनी बिसलेरीच्या वीस लिटरच्या जुन्या बाटल्यांना खिळ्याने भोकं पाडली, तेच आमचं ड्रिप.

झुडपांचं फार सांगत नाही कारण ती मुळात समजूतदार असतात. तगर, जास्वंद, कुंती, हमेलिया ही आठ बाय दहा इंचांच्या पिशवीतली घ्यावीत, फुलांनी लदलेली घेऊ नयेत, लावल्यावर जरा छाटावीत, बास. बुंध्याशी चार फांद्या फुटलेलं बघावं, एक उंच काडी आणि टोकाला झुपका असेल तर सोडावं. एकच वाद कायम होतो, हमेलिया सहा-सात फूट होते हे कुणाला खरं वाटत नाही आणि तळमजल्याच्या खिडकीखाली लावतात आणि मग दर महिन्याला कात्री. पिशवीतलं सगळंच गुडघ्याएवढं असतं त्यामुळे मोठेपणी ते कसं असेल ते बघायला रस्त्यावरचं, नाहीतर एम्प्रेस गार्डनमधलं मोठं झाड आधी बघून यावं. पळसाचा मोह मला बरीच वर्षं आहे, पण त्याचं सोटमूळ इतक्या लवकर खोल जायला बघतं की पिशवीत त्याचं नेहमी वाकडं होतं, म्हणून आता कंपाउंडच्या कोपऱ्यात बीच लावलंय. वर सहा पानं आहेत. खाली काय चाललंय ते त्यालाच माहीत.

ते वाट बघायला वेळ नाही म्हणणारे आजोबा आहेत अजून, चौऱ्याऐंशीचे झालेत. सावलीत बसतात, पण आमच्या झाडांच्या नाही, समोरच्या कडुनिंबाखाली, टपरीवर. नवी बकुळ गेल्या पावसाळ्यानंतर पहिल्यांदा फुलली तेव्हा मी त्यांना ओंजळभर फुलं नेऊन दिली, तर त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "ही त्या काडीची?" एवढंच.

आता प्रश्न उरतो जुन्यांचा. सोनमोहोर पाच राहिलेत. सप्तपर्णी चार, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यांच्या वासाने बी विंगचं डोकं दुखतं आणि बी विंग माझं डोकं खाते, तो वेगळा विषय. ही सगळी त्याच नर्सरीतली, त्याच रांगेतली, त्याच मापाच्या पिशवीतली. वरून अप्रतिम दिसतात. वारा सुटला की मी बाल्कनीत जाऊन उभी राहते आणि खाली कुणाचं पोर खेळतंय का बघते, नवरा म्हणतो तू बघून ते पडायचं थांबणार आहे का. अक्काने सांगितलं बुंध्याभोवती हाताने माती काढ, खुरपं जपून वापर, घोटी दिसेपर्यंत जा, आवळणारं मूळ सापडलं आणि ते अजून खोडात रुतलं नसेल तर छिन्नीने काप, एका वेळी एकच, आणि मोठी मुळं कापायची असतील तर आधी मला फोन कर.

गेल्या दोन रविवारी मी आणि काका बसलो. पहिल्या सोनमोहोराला वीतभर खाली दोन मुळं सापडली, एक मनगटाएवढं, खोडाला चिकटून बसलेलं, साल तिथे आत दबलेली. जे बारीक होतं ते कापलं. मनगटाचं तसंच ठेवलंय, फोटो अक्काला पाठवलाय, तिचं उत्तर यायचंय. दुसरा चांगला निघाला, त्याची मुळं चारी बाजूंना गेली होती, का कुणास ठाऊक, पिशवी त्याचीही तीच. काका म्हणाले ह्याची पिशवी आणताना टेम्पोतच फाटली होती, त्यांना आठवतंय, माती सांडली म्हणून तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले होते.

तिसरा गेटच्या आतल्या बाजूचा, त्याच्याखाली पोरं क्रिकेट खेळतात. त्याचं खोड जमिनीत खांबासारखं सरळ जातं, एका बाजूने चपटं आहे. रविवारी तो उघडायचाय. तोवर पोरांना स्टंप दुसरीकडे लावायला सांगितलेत.